इंग्रजी संभाषण आणि आपला छंद

भाषा शिकणें आणि भाषेंत बोलणें ह्या दोन गोष्टी दिसावयास सारख्या असल्या तरी वस्तुतः त्यांच्यांत बरेंच अंतर आहे. आमचे विद्यार्थी इंग्रजी व्याकरणाचे नियम तोंडपाठ म्हणतात, कवितांचा सारांश लिहितात, आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांच्या काळापासून चालत आलेल्या पद्धतीनें वाक्यांचीं भाषांतरेंही बहुधा बिनचूक करितात. परंतु कोणी परका पाहुणा समोर उभा राहून 'तुला काय आवडतें?' एवढा साधा प्रश्न इंग्रजींत विचारूं लागला कीं, तेच विद्यार्थी जमिनीकडे पाहूं लागतात. हा दोष बुद्धीचा नव्हे, अभ्यासाचाही नव्हे. तो संवयीचा आहे. ह्या लेखांत आम्ही त्या संवयीचाच विचार करणार आहों, आणि त्यासाठीं विषय निवडला आहे तो सर्वांस प्रिय असा, म्हणजे आपापले छंद.

ह्या विषयाकडे आमचें लक्ष जाण्यास आमचीच एक फजिती कारण झाली. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही महाविद्यालयांत शिकत असतां तेथें एक परदेशी अध्यापक पाहुणे म्हणून आले होते. चहाच्या वेळीं त्यांनीं आम्हां विद्यार्थ्यांस एकेक करून विचारलें, 'फावल्या वेळीं तुम्ही काय करतां?' शाळेंत असतांना 'माय हॉबी' ह्या विषयावरील एक निबंध आम्हीं मार्गदर्शिकेंतून पाठ केला होता. तो बागकामावर होता. आमची पाळी येतांच आमच्या तोंडून तोच बाहेर पडला: 'माय हॉबी इज गार्डनिंग. इट गिव्हज मी प्युअर जॉय.' पाहुणे प्रसन्न झाले. खुर्ची पुढें ओढून त्यांनीं विचारलें कीं, बागेंत कोणतीं फुलें आहेत? माती काळी कीं तांबडी? गुलाबाची छाटणी केव्हां करतां? विद्यार्थ्यांनो, आमच्या घरीं बाग नव्हती. ओसरीवर एका फुटक्या डब्यांत लावलेली कोरफड तेवढी होती, आणि तिलाही पाणी आमची आई घालीत असे. आम्ही 'येस, सर' एवढेंच म्हणालों, आणि तें त्यांच्या एकाही प्रश्नाचें उत्तर होत नव्हतें. पाहुण्यांनीं काय तें ओळखलें व ते सौजन्यानें पुढील विद्यार्थ्याकडे वळले. हातांतील चहा निवून गेला तरी आम्ही मान वर केली नाहीं.

आतां खरी गोष्ट अशी कीं, आम्हांस छंद नव्हता असें मुळींच नाहीं. सुटी लागली कीं गांवच्या नदीवर गळ टाकून आम्ही तासन्‌तास बसत असूं. कोणत्या डोहांत मरळ असते, कोणत्या वेळीं वाम लागते, गळाला गांडूळ लावावें कीं कणकेची गोळी, हें आम्हांस जितकें ठाऊक होतें तितकें त्या मंडळींत दुसऱ्या कोणास खचित नसेल. परंतु मासे धरणें हा उनाडपणा आणि बागकाम हा निबंध, अशी आमची समजूत होती. जें आम्हांस येत होतें तें इंग्रजींत सांगण्याजोगें आहे असें आम्हांस कोणीं कधीं सांगितलेंच नव्हतें. म्हणून संभाषणाचा पहिला नियम आम्ही आज मुलांस सांगतों तो व्याकरणाचा नाहीं. तो असा: जें खरोखर करतां तेंच बोला. पाठ केलेला छंद पहिल्या प्रश्नापर्यंत पुरतो. खरा छंद दहाव्या प्रश्नासही पुरून उरतो.

'हॉबी' ह्या शब्दाची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. कित्येक शतकांपूर्वीं इंग्रजींत हें एका लहान चणीच्या घोड्याचें नांव होतें. त्यावरून काठीला घोड्याचें डोकें बसवून मुलें जें खेळणें दौडवीत, त्यास 'हॉबी-हॉर्स' म्हणूं लागले. आपल्याकडील मुलेंही काठीचा घोडा करून अंगणभर धांवतात, तेव्हां ही कल्पना आपणांस परकी नाहीं. पुढें थोरामोठ्यांच्या आवडत्या उद्योगासही तेंच नांव पडलें. अठराव्या शतकांत लॉरेन्स स्टर्न ह्या ग्रंथकारानें आपल्या 'ट्रिस्ट्रम शँडी' ह्या कादंबरींत हा शब्द ह्याच अर्थानें पुष्कळदां वापरला आहे. कालांतरानें त्यांतील घोडा गळाला आणि नुसती 'हॉबी' राहिली.

आपल्या भाषेंतील शब्दही विचार करण्याजोगे आहेत. कवितेच्या वृत्तास आपण छंद म्हणतों आणि मनाच्या आवडीसही छंदच म्हणतों. नाद म्हणजे मधुर ध्वनि, आणि नाद म्हणजे वेडही. दोन्ही शब्दांत संगीत आहे. तरी घरांत ते बहुधा रागावण्यासाठींच वापरले जातात! 'छंदीफंदी', 'नादी लागला', हे शब्द कोणत्या मुलानें ऐकले नाहींत? इंग्रजींत 'हॉबी'च्या जोडीला 'इंटरेस्ट' असाही शब्द आहे. हॉबी म्हणजे हातानें करावयाची गोष्ट. इंटरेस्ट म्हणजे ज्यांत मन गुंतलें आहे अशी कोणतीही गोष्ट. तिकिटें गोळा करणें ही हॉबी. आकाशांतील ताऱ्यांविषयीं कुतूहल हा इंटरेस्ट. हाच शब्द बँकेंत व्याज ह्या अर्थानें वापरतात, हें पालकांस सांगावयास नकोच. मन गुंतविलें तर त्यावरही व्याज मिळतें, असें मानावयास आमची हरकत नाहीं.

असें व्याज कसें मिळतें ह्याचें उदाहरण मुंबईचेंच आहे. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली ह्यांचा जन्म १८९६ सालीं झाला. आईवडील लहानपणींच निवर्तल्यामुळें ते खेतवाडींत आपल्या मामांच्या घरीं वाढले. दहाबारा वर्षांचे असतां त्यांनीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हें घरांत कोणास सांगतां येईना. तेव्हां मामांनीं चिठ्ठी देऊन त्यांस बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटींत पाठविलें. ही संस्था १८८३ सालीं स्थापन झालेली असून त्या वेळीं मिलर्ड नांवाचे गृहस्थ तिचे चिटणीस होते. एका साहेबाच्या समोर जाऊन बोलावयाचें म्हणून मुलाच्या मनांत किती धाकधूक होती, हें त्यांनीं पुढें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेवलें आहे. पण हातांतील कागदाच्या पुडींत चिमणी होती, आणि विचारावयाचा प्रश्न खरा होता. मिलर्डसाहेबांनीं पक्षी ओळखला, संस्थेंतील पेंढा भरलेले पक्षी कपाटांतून काढून दाखविले, आणि वाचावयास पुस्तकें दिलीं. त्यांत मुंबईच्या नेहमींच्या पक्ष्यांवरील एक पुस्तक होतें. तें लिहिणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे आपल्या साताऱ्यास एका मिशनऱ्याच्या घरीं १८५१ सालीं जन्मले होते. त्या भेटींतून जो मार्ग निघाला तो १९४१ सालीं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' ह्या प्रख्यात ग्रंथापर्यंत व त्याहीपुढें गेला. मुलाच्या इंग्रजींत त्या दिवशीं किती चुका झाल्या, ह्याची नोंद कोणींही ठेविलेली नाहीं.

असो. आतां शिकावें कसें तें पाहूं. हॅरल्ड पामर (१८७७ ते १९४९) ह्या इंग्रज भाषाशिक्षकानें १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें आहे कीं, भाषा ही मुख्यतः संवय आहे. आधीं कान तयार झाला पाहिजे, मग जीभ. इंग्रजी ऐकण्याचीं साधनें पूर्वीं दुर्मिळ होतीं; आज तीं खिशांत मावतात. तेव्हां ऐकावयास मिळत नाहीं ही सबब आतां उरली नाहीं. मात्र ऐकलेलें वाक्य मोठ्यानें दहा वेळां म्हटल्यावांचून तें आपलें होत नाहीं.

छंदाविषयीं बोलतांना आमच्या मुलांचीं वाक्यें कोठें अडखळतात, हें आम्हीं बरींच वर्षें टिपून ठेविलें आहे. चुका फार नाहींत, चारपांचच आहेत. पण त्या पुन्हां पुन्हां होतात, आणि त्यांचें मूळ बहुधा मराठी वाक्यरचनेंत असतें.

पहिली अडचण 'आवडणें' ह्या क्रियापदाची. 'मला पोहणें आवडतें' ह्या वाक्यांत व्याकरणदृष्ट्या कर्ता 'पोहणें' हा आहे. 'मला' ही चतुर्थी आहे. इंग्रजींत मात्र आवडून घेणारा माणूसच कर्ता होतो: 'आय लाइक स्विमिंग.' म्हणून मराठी वाक्य शब्दशः उलटवूं नये. शिवाय 'आय ॲम लाइकिंग' असें म्हणूं नये. आवड ही चालू क्रिया नसून मनाची स्थिति आहे. 'इंजॉय' ह्या शब्दापुढें 'टु' येत नाहीं; 'आय इंजॉय रीडिंग' असेंच म्हणावें.

दुसरी अडचण 'इंटरेस्टेड' आणि 'इंटरेस्टिंग' ह्यांची. 'आय ॲम इंटरेस्टेड इन बर्ड्स' म्हणजे मला पक्ष्यांविषयीं गोडी आहे. 'आय ॲम इंटरेस्टिंग' म्हणजे मी स्वतःच मोठा मनोरंजक प्राणी आहें! गोडी ज्याला वाटते तो 'इंटरेस्टेड', गोडी जी वस्तु उत्पन्न करते ती 'इंटरेस्टिंग', एवढें ध्यानांत ठेवलें कीं पुरे.

तिसरी अडचण काळाची. 'मी दोन वर्षांपासून तिकिटें गोळा करीत आहें' हें मराठी चोख आहे. पण त्यावरून मुलें 'आय ॲम कलेक्टिंग स्टँप्स सिन्स टू इयर्स' असें म्हणतात. येथें इंग्रजी रीत निराळी आहे: 'आय हॅव बीन कलेक्टिंग स्टँप्स फॉर टू इयर्स.' जितका काळ लोटला तो 'फॉर'नें सांगावा आणि ज्या क्षणापासून आरंभ झाला तो 'सिन्स'नें: 'सिन्स दिवाळी', 'सिन्स लास्ट जून'. 'मी दर रविवारीं क्रिकेट खेळतों' ह्याला मात्र 'आय ॲम प्लेइंग' म्हणण्याचें कारण नाहीं. 'खेळतों' आणि 'खेळत आहें' हा भेद आपल्या मराठींतही आहे. तोच तेथें पाळावा, म्हणजे 'आय प्ले' हें आपोआप येईल.

चौथी गोष्ट क्रियापदांच्या जोड्यांची, आणि ही सर्वांत गमतीची आहे. मराठींत आपण क्रिकेट खेळतों, पत्ते खेळतों आणि कुस्तीही खेळतों. इंग्रजींत क्रिकेट व पत्ते ह्यांस 'प्ले' चालतें. कुस्तीला मात्र 'रेसल' हें स्वतंत्र क्रियापद आहे. पोहावयास जाणें, मासे धरावयास जाणें ह्यांस 'गो स्विमिंग', 'गो फिशिंग' म्हणतात. तबला व पेटी आपण वाजवितों, पण इंग्रज माणूस तीं 'प्ले' करतो, आणि त्यांच्यापूर्वीं 'द' घालतो; खेळाच्या नांवापूर्वीं तो 'द' घालीत नाहीं. आपल्या 'काढणें' ह्या क्रियापदाचा पसारा तर विचारूंच नका. चित्र काढणें म्हणजे 'ड्रॉ', फोटो काढणें म्हणजे 'टेक', दांत काढणें म्हणजे 'पुल आउट' आणि वेळ काढणें म्हणजे 'फाइंड'. मौज अशी कीं, विहिरींतून पाणी काढणें ह्याला पुन्हां 'ड्रॉ'च! म्हणून नुसता शब्द पाठ करूं नये. शब्दाची जोडी पाठ करावी. 'फ्लाय अ काइट', 'टेक अ फोटोग्राफ', 'प्ले द तबला', अशा पन्नास जोड्या एका वहींत उतरवून घेतल्या तर बहुतेक सर्व छंदांचें काम भागतें.

उच्चारांविषयीं थोडेंच सांगतों. इंग्रजी शब्दांत एका अवयवावर जोर असतो, व तो चुकला तर ओळखीचा शब्दही परका वाटतो. 'फोटोग्राफ' ह्यांत जोर पहिल्या अवयवावर आहे. 'फोटोग्राफर' म्हणतांना तो दुसऱ्यावर सरकतो व शब्द 'फटॉग्रफर' असा ऐकूं येतो. 'व्हॉलीबॉल'मधील व्ह वरचे दांत खालच्या ओठास लावून काढावा. 'वॉटर'मधील व ओठांचा चंबू करून. आरशासमोर चार दिवस अभ्यास केला कीं हें जमतें.

पण विद्यार्थ्यांनो, वाक्यें शुद्ध असलीं म्हणजे संभाषण झालें असें नव्हे. बॅडमिंटनचा खेळ तुम्ही जाणतां. १८७३ च्या सुमारास पुण्याच्या छावणींतील इंग्रज अधिकाऱ्यांनीं ह्या खेळाचे आरंभींचे नियम बांधले, आणि कांहीं काळ त्या खेळास 'पूना' असेंच नांव होतें. त्या खेळांत फूल जमिनीवर पडलें कीं डाव थांबतो. संभाषणाचेंही तसेंच आहे. 'डू यू हॅव एनी हॉबीज?' ह्या प्रश्नास नुसतें 'येस' म्हटलें कीं फूल खालीं पडलें. म्हणून आम्ही मुलांस एक तीन पायऱ्यांची रीत शिकवितों: आधीं उत्तर, मग एक बारीकसा तपशील, मग समोरच्यास एक प्रश्न. पंचवीस वर्षांपूर्वीं त्या पाहुण्यांस आम्हीं काय सांगावयास हवें होतें, तें आज असें सुचतें: 'येस, सर. आय लाइक फिशिंग. इन द हॉलिडेज आय गो टु द रिव्हर निअर माय व्हिलेज अँड सिट देअर ऑल मॉर्निंग. डू यू फिश, सर?' चार सोपीं वाक्यें. ह्यांत पांचवी-सहावीच्या मुलास अवघड असा एकही शब्द नाहीं. कोण जाणे, ते गृहस्थही लहानपणीं एखाद्या नदीवर बसलेले असतील.

ह्या रीतींतील तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्याविषयीं बोलणें सोपें. दुसऱ्याच्या आवडीविषयीं विचारणें ही सभ्यता. 'हाउ डिड यू बिगिन?', 'हू टॉट यू?', 'इज इट डिफिकल्ट?' हे तीन प्रश्न जगांतील कोणत्याही छंदास लागू पडतात. आणि तो बोलत असतां आपण जसें मराठींत 'हो का?', 'अरे वा!', 'मग पुढें?' म्हणतों, तसे 'रिअली?', 'हाउ नाइस!', 'अँड देन?' हे लहान शब्द मधून मधून घालावेत. पगार किती, वय किती, लग्न झालें कीं नाहीं, हे प्रश्न आपल्याकडे आपुलकीचे समजतात. परक्याशीं पहिल्या भेटींत ते टाळावेत. छंदाचा विषय ह्यासाठींच उत्तम, कीं त्यांत कोणाचें मन दुखावण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं.

आतां शब्दच ठाऊक नसला तर काय करावें? गप्प बसूं नये, वर्णन करावें. विटीदांडू इंग्रजींत कसा सांगावा असें एका मुलानें विचारलें. आम्हीं म्हटलें, नांव मराठीच ठेव, आणि सांग: 'वी हिट अ शॉर्ट स्टिक विथ अ लाँग स्टिक.' इंग्लंडांतही अशाच प्रकारचा 'टिप-कॅट' नांवाचा खेळ होता हें त्यास मागाहून कळलें, तेव्हां त्याला फार आनंद झाला. हुतूतूचें वर्णनही करून पाहावें. खेळाडू एका दमांत शब्द उच्चारीत प्रतिपक्षाच्या हद्दींत जातो, कोणास तरी शिवतो, आणि दम न सोडतां परत येतो. हें सर्व 'इन वन ब्रेथ', 'टच' आणि 'रिटर्न' एवढ्या शब्दांवर भागतें. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने झाले, त्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनें हा आपला खेळ तेथें करून दाखविला होता. ज्या प्रेक्षकांनीं हा खेळ कधीं पाहिला नव्हता त्यांस तो समजावून सांगण्याची वेळ आपल्यावरही केव्हां तरी येईल. आपले खेळ, आपलीं वाद्यें, आपली रांगोळी ह्यांविषयीं बोलतांना लाजूं नये; परक्यास त्याचेंच नवल अधिक असतें.

कांहीं छंद असे असतात कीं, त्यांस शब्द फारच थोडे लागतात. नाशिक जिल्ह्यांतील देवळाली येथें दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५ ते १९८६) नांवाचे एक शाळामास्तर होते. त्यांस आंकड्यांचा छंद होता. त्यांनीं शोधलेली एक गंमत पाहा. कोणतेही चार अंक घ्या; मात्र चारही सारखे नसावेत. समजा, ३५२४. ते उतरत्या क्रमानें मांडा, मग चढत्या क्रमानें मांडा, आणि मोठ्या संख्येंतून लहान वजा करा. ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हां तसेंच करा: ८७३० − ०३७८ = ८३५२. आणखी एकदां: ८५३२ − २३५८ = ६१७४. आतां कितीही वेळां करा, ६१७४ च येत राहील. कोणतेही अंक घेतले तरी फार तर सात पायऱ्यांत ह्याच संख्येवर येऊन थांबावें लागतें. हा शोध त्यांनीं १९४९ सालीं मांडला. मार्टिन गार्डनर ह्या अमेरिकन लेखकानें १९७५ सालीं आपल्या लोकप्रिय लेखमालेंत कापरेकरांविषयीं लिहिलें, तेव्हां देवळालीच्या मास्तरांचें नांव जगभर झालें. हीच गंमत तुम्ही 'टेक एनी फोर डिजिट्स' असा आरंभ करून पांच वाक्यांत इंग्रजींत सांगून पाहा. ज्यास मराठींत सांगतां येतें त्यास इंग्रजींत सांगणें कठीण जात नाहीं. आणि ज्यास मराठींतही सांगतां येत नाहीं त्यानें आधीं तेथून आरंभ करावा.

आतां पालकांशीं दोन शब्द. तीन वर्षांपूर्वीं आमच्या नववींतील एका मुलाचे वडील शाळेंत आले. मुलास इंग्रजींत कसेबसे उत्तीर्ण होण्यापुरते गुण होते. वडील शेतकरी, मुलगा बरोबर, मान खालीं. वडील म्हणाले, "सर, ह्यानें घरीं बारा कबुतरें पाळलीं आहेत. शाळा सुटली कीं तो खुराड्यापाशीं. उद्यां मी तीं सगळीं देऊन टाकणार. तुम्हीच सांगा ह्याला." त्याच वेळीं कचेरींत एक परदेशी बाई पाहुण्या म्हणून बसल्या होत्या. काय प्रकार आहे असें त्यांनीं विचारल्यावरून आम्हीं तो सांगितला. बाईंनीं मुलाकडे वळून कबुतरांविषयीं विचारलें. क्षणभर तो गप्प राहिला. मग म्हणाला, 'ट्वेल्व्ह पिजन्स, मिस. फादर पिजन, मदर पिजन, बोथ सिट ऑन एग्ज. एटीन डेज. देन एग्ज ओपन.' बाई म्हणाल्या, 'द एग्ज हॅच.' मुलानें तो शब्द हळूच दोनदां उच्चारला. पुढें पिलांस आईबाप गळ्यांतील पिशवींत तयार होणारें दुधासारखें अन्न भरवितात, हें त्यास सांगावयाचें होतें. शब्द सांपडेना; तेव्हां त्यानें आपल्या गळ्यावर बोट ठेवून 'मिल्क, फ्रॉम हिअर' असें म्हटलें. 'क्रॉप,' बाई म्हणाल्या. मुलगा गोंधळला. 'क्रॉप, मिस? इन द फील्ड?' त्याला पीक हाच अर्थ ठाऊक होता. बाई हंसल्या, आणि एकाच शब्दाचे ते दोन अर्थ त्यांनीं त्यास समजावून दिले. दहा मिनिटें हें बोलणें चाललें होतें. वडील दाराशीं उभे राहून ऐकत होते. त्यांस इंग्रजी येत नव्हतें. जातांना ते आम्हांस एवढेंच म्हणाले, "सर, इतकें तर तो घरीं मराठींतही बोलत नाहीं."

कबुतरें राहिलीं. त्या वर्षीं मुलास इंग्रजींत फार गुण मिळाले असें आम्ही म्हणणार नाहीं. आठ-नऊ गुण वाढले. परंतु 'हॅच' आणि 'क्रॉप' हे शब्द तो पुन्हां कधीं विसरला नाहीं, आणि वर्गांत प्रश्न विचारावयास त्याचा हात वर होऊं लागला. ज्या शब्दाची गरज मनास आधीं लागते तो शब्द मिळतांच मनांत घर करतो. ज्याची गरज लागलेली नाहीं तो शंभरदां लिहूनही निसटतो. म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलाचा छंद काढून घेण्यापूर्वीं त्याविषयीं त्याला चार प्रश्न विचारून पाहावे. मराठींतच विचारावे. अभ्यासाचा वेळ अभ्यासास दिलाच पाहिजे, ह्यांत वाद नाहीं. पण जें मूल घरीं ऐकणारा न मिळाल्यामुळें मुकें राहतें, त्यास कोणत्याही भाषेंत बोलतें करणें शिक्षकास फार जड जातें.

विद्यार्थ्यांस शेवटीं एक लहानसा क्रम सांगतों. एक वही करावी. पहिल्या आठवड्यांत आपल्या छंदाविषयीं दहाच वाक्यें लिहावीं, आणि तीं खरीं असावींत. दुसऱ्या आठवड्यांत तीं शिक्षकांकडून तपासून घेऊन मोठ्यानें म्हणावीं. तिसऱ्या आठवड्यांत एका सोबत्यास समोर बसवून त्याच्या छंदाविषयीं पांच प्रश्न विचारावे व त्याच्या पांच प्रश्नांस उत्तरें द्यावीं. वही मिटलेली असावी. चौथ्या आठवड्यांत सोबती बदलावा. चूक झाली तर हंसावें व पुढें जावें. दुसऱ्याची चूक झाली तर मात्र हंसूं नये. असें एक सत्र केलें तर परका पाहुणा समोर आला असतां कोणासही जमिनीकडे पाहावें लागणार नाहीं.

आमची मासेमारी आजही सुटलेली नाहीं. मे महिन्याच्या सुटींत गांवीं गेलों कीं आम्ही पहांटेस नदीवर जातों. तेथें भेटणारा कोणीही विद्यार्थी आमच्यापाशीं येऊन बसूं शकतो. अट एवढीच कीं, गळाला काय लावलें आहे हें त्यानें आम्हांस इंग्रजींत विचारलें पाहिजे.